पेटीतल्या दिरासमोर

लग्न होऊन बावीस वर्षं झाली तरी माझ्या थोरल्या दिरांचं तोंड मी सरळ पाहिलं नव्हतं आणि त्यांनी माझं. आमच्या घरात तशी रीत होती. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. ते उंबऱ्याबाहेर खाकरले की मी पदर कपाळाखाली ओढून भिंतीकडं तोंड करायची. ते मान खाली घालून यायचे, मान खाली घालून जायचे. त्यामुळं मला त्यांचे पाय तेवढे चांगले माहीत होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं.

बोलणं व्हायचं, पण थेट नाही. ते ओसरीत बसायचे, मी चुलीपाशी, आणि मधल्या चौकटीत माझा नवरा.

"तिला म्हणावं, भाकरी जाड झाली."

"दादांना सांगा, पीठ जाड आलंय. गिरणीवाला तुमचाच माणूस हाय."

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं. तरी नवऱ्यानं ते परत म्हणून दाखवल्याशिवाय कोणी उत्तर द्यायचं नाही. नवरा आधीच कमी बोलणारा. दिवसभरात त्याच्या तोंडून जे शब्द निघायचे त्यातले निम्मे माझे असायचे, निम्मे दादांचे. पुढं सरकारनं लांबून बोलायचं यंत्र आणलं तेव्हा गावाला त्याचं लई नवल वाटलं. मला वाटलं नाही. आमच्या घरात ते बावीस वर्षं चालू होतं आणि त्याला वीज लागत नव्हती.

आमचं गाव माजलगावच्या धरणाच्या कालव्यावर. खालच्या शिवारात ऊस. वरच्या माळावर धनगरवस्ती, तिथं प्यायला पाणी नाही. वस्तीवरच्या बाया कालव्यावरून हंडे न्यायच्या. गावात आल्या तर आमच्या आडावर थांबायच्या, म्हणून माझी त्यांची ओळख.

दादा पंधरा वर्षं सरपंच होते. मग सरकारनं कायदा केला आणि आमच्या गावचं पद बाईला राखीव सुटलं. दादांनी आधी माझ्या जाऊबाईंना विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "मला चार शेळ्या आवरंनात, गाव कुठून आवरू?" मग माझा नंबर लागला. ओसरीतून आवाज आला, "तिला सही येती ना? मग झालं."

मी चौथी पास होते. चौथीपर्यंत मला दोन गोष्टी आल्या होत्या, एक सही आणि एक वाचणं. दादांनी पहिलीच ध्यानात घेतली.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर भरायची. दादा सगळ्यात पुढं सतरंजीवर बसायचे. ते पुढं बसले म्हणजे मी समोर येणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनीच व्यवस्था लावून दिली: मी पहिलीच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर, खिडकीच्या आड. ग्रामसेवक ओसरीवर. तो रजिस्टर गजांतून आत सरकवायचा, मी सही करून बाहेर सरकवायची. मला काही म्हणायचं असलं तर मी खिडकीतून ग्रामसेवकाला सांगायची आणि तो खाकरून म्हणायचा, "सरपंचबाईंचं म्हणणं असं हाय की..." लोकांना सवय झाली होती. खिडकी बोलती म्हणायचे.

दीड वर्ष मी आलेल्या कागदावर सही केली. खोटं कशाला सांगू, वाचलं नाही. मग एकदा ग्रामसेवक नळयोजनेचा कागद घेऊन आला. त्या दिवशी चूल पेटत नव्हती, धुरानं डोळे भरले होते, म्हणून मी कागद घेऊन अंगणात गेले आणि उभ्या उभ्या वाचला. वस्तीसाठी मंजूर झालेली पाण्याची टाकी माळावर नव्हती. ती खाली रस्त्याला आली होती, दादांच्या नव्या हॉटेलाच्या मागं. मी सही केली नाही.

संध्याकाळी नवरा चौकटीत बसला.

"दादा विचारायलेत, सही कावून केली न्हाई?"

"दादांना सांगा, टाकी चुकीच्या जागी चाललीय."

"गावातच हाय की, म्हणायलेत."

"दादांना सांगा, गावात न्हाई, हॉटेलात हाय."

यावर ओसरीतून काही आलं नाही. नवरा थोडा वेळ दोन्हीकडं बघत बसला आणि मग म्हणाला, "आता कुणीच बोलंना, मग मी जेवून घेऊ का?"

महिन्याभरात माझ्यावर तक्रार गेली. तक्रार दादांच्या सहीची. तिच्यात लिहिलं होतं की सरपंचबाई ग्रामसभेला हजरच राहत नाहीत. "मी प्रत्येक सभेला सर्वांत पुढे बसतो, मी त्यांना एकदाही पाहिलेले नाही." ग्रामसेवकानं वाचून दाखवलं तेव्हा मला आधी हसू आलं. शब्द न शब्द खरा होता. ज्यानं मला खिडकीआड बसवलं तोच म्हणत होता की ती दिसत नाही.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. सभा न घेणाऱ्या सरपंचाला साहेब काढू शकतो. मी गेले की उपसरपंच खुर्चीवर, आणि उपसरपंच दादांच्या हॉटेलातच उठबस करायचा. टाकी हॉटेलामागं गेलीच म्हणून समजा. आणि दुसरंही सांगून टाकते. मला ती खुर्ची आवडायला लागली होती. पहिलीच्या वर्गातलं बाक का असेना, मी काही म्हटलं की ते लिहिलं जायचं. घरात माझं बोलणं बावीस वर्षं नुसतं हवेत गेलेलं.

सुनावणी औरंगाबादला मोठ्या साहेबापुढं. आमच्याकडं तिला पेशी म्हणतात. पहिल्या पेशीला मी आणि नवरा गेवराईवरून एसटीनं गेलो. ग्रामसेवक, तालुक्याचे दोन साहेब आणि फाईल जीपमधून आले. मोठे साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या पेशीलाही तेच, फक्त दौरा वेगळ्या गावचा. माझं एसटीचं भाडं आणि एक दिवस गेला. जीपवाल्यांचं काही गेलं नाही, उलट त्यांना भत्ता मिळाला. ग्रामसेवकाच्या घरच्या सगळ्या चादरी त्या भत्त्यातून आलेल्या, औरंगाबादच्या होत्या.

तिसरी नोटीस आली ती वेगळीच. ग्रामसेवक ती घेऊन आला तेव्हा त्याचं तोंड सुतकासारखं.

"काय झालं?" मी विचारलं. "काढलं का मला?"

"न्हाई बाई. प्रवासखर्चात काटकसर म्हणून आता औरंगाबादला जायाचंच न्हाई. बीडला जायाचं. तिथं टीव्हीवर पेशी. साहेब औरंगाबादमधून बघणार, आपण बीडमधून बोलणार."

"मग चांगलंच हाय की."

"चांगलं?" तो म्हणाला. "घरच्यांनी गाद्यांची मापं देऊन ठेवलीत."

गावात बातमी फुटली की सरपंचबाई टीव्हीवर दिसणार. त्या काळात बीडला गल्लोगल्ली फोनचे बूथ झाले होते, रंगीत टीव्ही बऱ्याच घरांत आले होते, पण आपल्या गावचं कोणी टीव्हीत गेलं नव्हतं. पेशीच्या दिवशी सकाळी बघते तर देवळापुढं भुसाराचा टेम्पो उभा आणि त्यात निम्मं गाव. धनगरवस्तीवरच्या बाया होत्या, त्यांचं मी समजू शकते. पण दादांच्या बाजूचे लोकही होते. शिंपी होता, त्याचा पेशीशी काही संबंध नव्हता. आणि सगळ्यात पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं घेऊन माझी सासू.

"तुम्ही कशाला, आत्याबाई?" मी म्हटलं.

"एक लेक भांडणारा, दुसऱ्या लेकाची बायको भांडणारी," सासू म्हणाली. "माझ्याशिवाय कसं चालंल? चढ वर."

दादा टेम्पोत नव्हते. ते कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीनं औरंगाबादला निघून गेले होते. हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे जाऊबाईंनी, टेम्पो तेलगावच्या पुढं गेल्यावर सांगितलं. दादांचा हिशोब साधा होता. पंधरा वर्षांच्या सरपंचकीत त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती: जो साहेबाच्या शेजारी उभा, त्याचं काम होतं. बाकीचे मूर्ख टीव्हीपुढं बसतील, मी साहेबापुढं बसीन. त्यांचा वकील मात्र नोटीस वाचून बीडला येऊन थांबला होता. म्हणजे वकील आमच्यात आणि अशील साहेबाजवळ.

वडवणीला चहाला थांबलो. तिथं मी सहज टेम्पोतली माणसं बघितली आणि मनात म्हटलं, सरकारची एक जीप वाचली. तो खर्च काही जळून गेला नव्हता. तो आमच्या गावाच्या अंगावर आला होता आणि धपाटे खात बसला होता.

बीडच्या कचेरीत ती खोली दुसऱ्या मजल्यावर. दाराबाहेर पाटी, चपला बाहेर काढा. आम्ही काढल्या. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. आत गार हवेचं यंत्र लावलेलं, बर्फाच्या पेटीत शिरल्यासारखं. यंत्र चालवायला एक बाई होत्या, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. त्यांनी आम्हाला बघून कपाळाला हात लावला.

"एवढे सगळे कशाला?"

"बघायला," शिंपी म्हणाला.

"फक्त सरपंच, ग्रामसेवक आणि वकील थांबा. बाकी बाहेर."

सासू तोवर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. "मी दोन्हीकडची आई हाय," ती म्हणाली. "मला बाहेर घालवणारा अजून जन्मला न्हाई." तिला उठवायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि ती बसली म्हटल्यावर बाकीचेही भिंतीला टेकून उभे राहिले. स्वेटरवाल्या बाईंनी एका कानाला साधा फोन लावला आणि त्यात ओरडायला लागल्या, "दिसतंय का? आता? आता ऐकू येतंय का?"

सासू मला म्हणाली, "फोनवर सगळं ऐकू यायलंय की. मग फोनवरच पेशी कावून घेत न्हाईत?"

मलाही तेच वाटत होतं.

समोर कपाटाएवढा टीव्ही. त्याच्यावर एक काळा डोळा. बराच वेळ नुसतं निळं दिसलं. मग एकदम साहेब आले. गोरे, चष्मा, मागं गांधीजींचा फोटो. सगळ्या वस्तीनं नमस्कार केला. आणि साहेबांच्या शेजारी, खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून, दादा.

मी पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. विचार करून नाही. बावीस वर्षांची सवय.

"सरपंच कोण आहेत?" साहेबांचा आवाज आला. आवाज तोंड हलल्यावर थोड्या वेळानं यायचा.

"मी," मी भिंतीला सांगितलं.

"बाई, कॅमेऱ्याकडे बघा," स्वेटरवाल्या म्हणाल्या. "साहेबांना तुमची पाठ दिसतीय."

"समोर दादा हायत."

"कुठे समोर? ते औरंगाबादला आहेत."

खोलीत कुजबुज सुरू झाली. जाऊबाई म्हणाल्या, "असं कसं तोंड दाखवंल? थोरले दीर हायत." वस्तीवरची एक म्हणाली, "ते हायत कुठं? चित्र हाय ते." शिंपी म्हणाला, "चित्राला तिचं तोंड दिसतंय ना पण? मग?" वकील घड्याळ बघत होता. मी पदराआडून ग्रामसेवकाला म्हटलं, "साहेबांना सांगा, माझं म्हणणं असं हाय..." तर साहेब तिकडून म्हणाले, "ग्रामसेवक नको. मला सरपंचांशी बोलायचं आहे. समोर या, नाहीतर गैरहजर लिहावं लागेल."

गैरहजर! तक्रारच ती होती. भिंतीकडं तोंड करून उभी राहिले तर मीच दादांचं म्हणणं खरं करून देत होते. वळले तर घरची रीत जात होती, आणि तीही सासूच्या डोळ्यांदेखत. मी सासूकडं पाहिलं.

सासूनं थोडा वेळ टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "टीव्हीत बातम्या सांगणारा येतो, त्याच्यापुढं घेतीस का पदर?"

"न्हाई."

"मग? पेटीतल्या माणसाचा कसला मान? वळ. तो घरी आला की घे पदर." आणि टीव्हीकडं बोट करून मोठ्यानं म्हणाली, "आणि तू रे! तू मान खाली घाल. ऐकू आलं का? जेवलास का काही?"

आवाज तिकडं पोचला. मग दादांनी मान खाली घातली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "चहा झालाय, आई."

मी वळले. पदर डोक्यावर ठेवला, पण कपाळाच्या मागं नेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा दादांचं तोंड सरळ पाहिलं. माझ्या नवऱ्यासारखंच होतं, फक्त जास्त जेवलेलं.

साहेबांनी विचारलं, मी सांगितलं. सभा किती घेतल्या, कुठं घेतल्या, रजिस्टर कोणाकडं. टाकीचंही सांगितलं. साहेब म्हणाले, ते नंतर. आधी हजेरीचं. "तक्रारदाराचं म्हणणं आहे की त्यांनी तुम्हाला सभेत कधीच पाहिलं नाही."

"मी खिडकीच्या आत बसते, साहेब."

"का?"

"ते बाहेर बसतात म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मोठ्या माणसाला काही कळलं नाही की तो चष्मा पुसतो. मग ते शेजारी वळले. "काय हो, खिडकीत कोण बसतं?"

दादा खाली बघूनच म्हणाले, "कुणी का बसंना साहेब. मला सरपंच दिसल्या न्हाईत. खिडकीतून आवाज यायचा, पण तो त्यांचाच कशावरून?"

इकडं आमच्यात वकिलानं मान डोलावली. मुद्दा जोरदार होता. आवाज माझाच हे सगळ्या गावाला माहीत, पण गावापैकी अर्धे दादांच्या बाजूचे, आणि ते साहेबापुढं काय बोलतील याचा नेम नव्हता.

"इकडे बघा," साहेब दादांना म्हणाले. "टीव्हीकडे बघा ना, खाली काय बघता? या बाई—"

दादांनी मान वर केली, नक्की माझ्याकडं बघितलं की नाही ते देव जाणे, आणि तेवढ्यात चित्र थांबलं.

परळीला एवढी वीज होते, सगळ्या मुलुखाला जाते, पण त्या दिवशी बीडात ती नुसती लुकलुकली. यंत्र बंद पडलं नाही. गार वारा चालू होता, आवाज चालू होता. फक्त चित्र जिथं होतं तिथं गोठलं. साहेबांचा हात हवेत. आणि दादांचे दोन्ही डोळे टक लावून माझ्याकडं. तोंड थोडं उघडं.

मग जाऊबाईंचा आवाज: "अगं बया! हे बघायलेत!"

"लई वेळ झाला," शिंपी म्हणाला. "डोळ्याला डोळा लावलाय."

"पापणी पण हलवंनात," वस्तीवरची म्हणाली.

मी पदर घ्यावा की नाही मला कळेना. घेतला तर गैरहजर. तशीच उभी राहिले. तो माणूस माझ्याकडं बघतोय आणि मी त्याच्याकडं. इतका वेळ तर मी माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडंही कधी बघितलं नव्हतं.

सासू खुर्चीवरून उठली आणि टीव्हीपाशी जाऊन काचेवर बोट आपटायला लागली. "अरे, लाज हाय का? धाकट्या भावाची बायको हाय ती! मान खाली घाल म्हणलंतं ना? साहेबाशेजारी बसला म्हणून रीत सोडली का?"

"आई, मी खालीच बघायलोय!" दादांचा आवाज आला. टीव्हीतले दादा मात्र बघतच होते.

"खोटं बोलतो! माझ्यासमोर बघतो आणि न्हाई म्हणतो!"

"आजी, चित्र अडकलंय," स्वेटरवाल्या बाई म्हणाल्या. "खरंच अडकलंय."

"चित्र अडकलं, पण अडकायच्या आधी बघितलंच ना त्यानं? न बघता अडकंल कसं?"

स्वेटरवाल्या बाई परत फोनमध्ये ओरडायला लागल्या. जाऊबाई आता रडायच्या बेतात होत्या. दादांच्या बाजूचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. पंधरा वर्षं ज्याला सरपंच म्हणून रामराम केला तो माणूस सगळ्या गावासमोर भावजयीकडं तोंड वासून बघतोय, आणि कोणी त्याला हलवू शकत नाही.

"आई, शपथ!" दादा ओरडले. औरंगाबादला त्यांना आमचं सगळं ऐकू जात होतं, पण आमच्याकडं आपण कसे दिसतोय ते त्यांना कळत नव्हतं, त्यामुळं ते जास्तच घाबरले. "तुझ्या गळ्याची शपथ. मी आत्ता बघितलं न्हाई. आजच काय, कधीच बघितलं न्हाई. बावीस वर्षांत एकदा बी मी तिचं तोंड बघितलं न्हाई. रस्त्यात समोर आली तर मला वळकू येणार न्हाई!"

वकील ताडकन उठला. "अहो, तसं म्हणू नका! दादा, थांबा!"

पण दादांना वकिलाचं कुठं ऐकायचं होतं. आईचं ऐकायचं होतं. "ती कशी दिसती मला ठाव न्हाई! देवाशपथ ठाव न्हाई!"

सासू शांत झाली. "असं बोल," म्हणाली आणि परत जाऊन बसली.

मग साहेबांचा आवाज आला, सावकाश. चित्रात त्यांचा हात अजून हवेतच होता. "म्हणजे या बाई समोर आल्या तरी तुम्ही त्यांना ओळखू शकत नाही."

"न्हाई साहेब. शपथ."

"मग त्या सभेत नव्हत्या, हे तुम्ही कसं सांगता?"

वकील खाली बसला आणि बॅगेचं बक्कल लावायला लागला.

ते "मी तिचं तोंड बघितलंय, वळखतो" म्हणाले असते तर पेशी जिंकली असती. पण मग आईपुढं, बायकोपुढं आणि टेम्पोभर गावापुढं ते धाकट्या भावजयीचं तोंड बघणारे ठरले असते. औरंगाबादला सगळे समोरासमोर असतो तर असा प्रसंगच आला नसता. गाव तिथं आलंच नसतं आणि तिथं माणूस गोठत नाही. साहेबाच्या शेजारी बसायला गेले, आणि साहेबाला त्यांच्या तोंडचं सगळं जवळून ऐकू गेलं, एवढाच काय तो फायदा झाला.

तक्रार निकालात निघाली. चित्र परत हललं तेव्हा दादा खरोखरच खाली बघत होते, छातीला हनुवटी लावून. साहेबांनी मला विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, टाकी. ते म्हणाले, तो विषय ग्रामसभेचा, सभेत ठराव घ्या. आणि शेवटी लेखी हुकूम दिला, त्याची प्रत पंधरा दिवसांनी आली. यापुढे सरपंचांनी ग्रामसभेत सर्वांना दिसेल अशा जागी बसावे.

येताना टेम्पोत सासूनं उरलेले धपाटे वाटले. ग्रामसेवक म्हणाला, "पुढची पेशी औरंगाबादला असती तर बरं झालं असतं." त्याला वाटत होतं अजून एखादी होईल.

घरी दादा उंबऱ्याबाहेर नेहमीपेक्षा मोठ्यानं खाकरले. मी पदर ओढला, भिंतीकडं वळले. काळं नख गेलं, ओसरीत बसलं. नवरा चौकटीत. बराच वेळ त्याला सांगायला काही मिळालं नाही. मग ओसरीतून आलं, "तिला विचार, सभा कधी हाय?"

सभा पुढच्या आठवड्यात झाली. हुकमाप्रमाणं ग्रामसेवकानं ओसरीवर मास्तरांचं टेबल आणि खुर्ची मांडली. मी बसले. सगळ्यांना दिसत होते. वस्तीवरच्या बाया पहिल्यांदा सभेला आल्या होत्या आणि पुढंच बसल्या होत्या. दादा आले, सतरंजीवर आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले, थोडा विचार केला आणि रस्त्याकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून बसले. हुकमात मी दिसावं एवढंच लिहिलं होतं. त्यांनी बघावं असं नव्हतं.

मी टाकीचा विषय वाचला. दादांनी समोरच्या लिंबाच्या झाडाला हरकत सांगितली. माळावर पाइप चढवायला खर्च जास्त, रस्त्याकडंनं सोपं, असं सगळं झाडाला समजावून सांगितलं, आणि खरं तर चांगलं सांगितलं. त्यांना बोलता यायचं. मग मी म्हटलं, "टाकी माळावर व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. दादांच्या पाठीमागं सगळी सभा होती, त्यांना रस्ता आणि एक बांधलेलं गाढव दिसत होतं. मागं वळून मोजावं तर वळल्यावर समोर मी. ते तसेच ताठ बसून राहिले.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

नवरा उठायला लागला, सवयीनं. मी त्याला हातानं बस म्हटलं.

"तुम्ही सोडून सगळे, दादा," मी सांगितलं.

"लिहून घ्या मग," ते म्हणाले.